सौदामिनीचं माहेरचं नाव

"बुवा, आजारी माणसाचं नाव बदललं तर गुण येतो म्हणतात. खरं का ते?"

नीलकंठशास्त्र्यांनी मठाची पायरी चढता चढताच विचारलं. बसायचंही भान नव्हतं. त्यांचे म्हातारे गुरू शिवरामबुवा ताटात तांदूळ निवडत होते.

"कोणाचं बदलायचंय?"

"बायकोचं. हाक मारतो तर ओ देत नाही. डोळे उघडे, पण माझ्याकडं बघत नाही. वैद्यांनी हात टेकले. एकदा तरी तिनं ओ द्यावी, बुवा... मग काय व्हायचं ते होवो."

शास्त्र्यांनी हात जोडले. एरवी हा माणूस कुणापुढं वाकायचा नाही. पंचक्रोशीत मुलगी जन्मली की बारशाचं नाव यांनीच काढून द्यायचं. नुसतं नाव नाही, धातू आणि अर्थासकट. कुणी पोरीला धोंडी म्हटलं तर यांचं डोकं फिरायचं.

"आत्ताचं नाव काय?"

"सौदामिनी." रडवेल्या आवाजातही व्याकरण जागं झालं. "सुदामन् म्हणजे मेघ. मेघातून जन्मली ती. लग्नात मीच ठेवलं. गावातले पुरुष बायकोला नुसतं 'अगं' म्हणतात. मी कायम नावानं हाक मारली."

"आणि माहेरचं?"

शास्त्री बोटातली अंगठी फिरवू लागले.

बुवांनी ताटातले तांदूळ हातानं सारखे केले आणि ताट पुढं सरकवलं.

"लग्नात तांदळातच लिहिलं होतंस ना, अंगठीनं? आता माहेरचं लिही."

शास्त्र्यांनी अंगठी काढली, तांदळात टेकवली. साऱ्या मुलुखातल्या पोरींच्या नावांची मुळं तोंडपाठ, आणि इथं एक अक्षर उमटेना.

"काहीतरी गावठी होतं," ते शेवटी म्हणाले. "अर्थ नव्हता त्याला. म्हणून तर बदललं."

"मग विचारून ये."

"तिच्या माहेरचं कुणी उरलं नाही."

"तिला कधी विचारलं होतंस?"

"...नाही."

शास्त्र्यांना शरम वाटली. आणि शरमेपेक्षा जास्त राग आला, समोरच्या म्हाताऱ्याचा. इतकी वर्षं संसार केला, तो काय एका नावासाठी खोटा ठरायचा?

"दिवसभर करते काय ती?" बुवांनी विचारलं.

"दाराकडं बघत पडलेली असते. मध्येच हसते. काल एकदम म्हणाली, 'आले गं आई.'"

"कुणी हाक मारली होती?"

"कुणीच नाही. घरात मी एकटाच होतो."

बुवांनी मान वर करून शास्त्र्यांकडं पाहिलं.

शास्त्र्यांनी अंगठी मुठीत घट्ट धरली. आता त्यांना रडू आवरेना.

"मग मी तिला कोणत्या नावानं हाक मारू, बुवा?"

बुवांनी ताट आपल्याकडं ओढून घेतलं आणि पुन्हा खडे वेचू लागले.

"तू मारू नकोस. तिला आईची ऐकू दे."