एका घरात मावलेले आबा

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे तुम्ही हसायला मोकळे. मी आठ वर्षांची असताना एका परीने मला विचारलं होतं, "काय हवं तुला?" झालरीचा फ्रॉक मागता आला असता, चांदीचे पैंजण मागता आले असते. मी मागितले आमचे आबा. जे आधीच आमच्या घरात राहत होते.

आमचं घर डोंगराच्या पायथ्याशी, दोन खोल्यांचं. माणसंही दोनच, माझे आजोबा आणि मी. आईबाबा मला आठवतसुद्धा नाहीत. फ्रॉक एकच होता, तो वाळेपर्यंत मी आबांच्या सदऱ्यात बसायची. दूध बेताचं, भाकरी बेताची. त्याचं मला काही वाटत नसे. वाटायचं ते एकाच गोष्टीचं, की आबासुद्धा मला बेतानेच मिळायचे.

गावात इर्जिकीची पद्धत होती. ज्याचं शेत मागे राहिलं त्याच्याकडे सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं, एका दिवसात नांगरून द्यायचं, आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. आबा सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि सगळ्यांच्या नंतर निघायचे. शिवाय घेवड्याचं बी राखेत घोळून मडक्यात जपायचे आणि पेरणीला ओंजळ ओंजळ घरोघर वाटायचे.

"आबा, आज थांबा ना घरी."

"गजराचं रान राहिलंय, शेवू. उद्या थांबतो की."

उद्या इस्माईलचाचांची विहीर ढासळायची. मी बांधावर गाल फुगवून बसायची आणि एकेक गोष्ट मनात घट्ट धरून ठेवायची. गजराकाकूंना दीड दिवस दिला. इस्माईलचाचांना तीन दिवस दिले, वर माझ्या वाटचा गूळ त्यांच्या धाकट्याला. काही विसरायची नाही मी.

आबांनी मला एकच काम दिलेलं होतं. परसातल्या घेवड्याच्या वेलाला रोज सकाळी तांब्याभर पाणी. रुसले तरी ते मी चुकवलं नाही. एका सकाळी वेल जांभळ्या फुलांनी नुसता लगडला होता. पानापानावर दवाचे टपोरे थेंब, थेंबाथेंबात इवलासा सूर्य. आणि एका फुलात बसली होती बोटाएवढी परी. जांभळा झगा, पोपटी पंख, वेलाच्या कुरळ्या तणाव्यांसारखे केस.

"रोज पाणी घालतेस," ती किणकिणत्या आवाजात म्हणाली. "एक इच्छा माग. पण नियम ऐक. मिळालेलं मला परत घेता येत नाही. तुला नकोसं झालं, तर तूच दारोदार जाऊन परत द्यायचं. आणि प्रत्येक दारात खरंच बोलायचं. एक शब्द खोटा निघाला, की ते दार बंद."

मी नियम ऐकलेच नाहीत. म्हटलं, "आबा फक्त माझे होऊ देत."

 परीने पंख झटकले आणि माझ्या नाकावर सोनेरी भुकटी पडली.

त्या दिवशी आबा बैल घेऊन गजराकाकूंच्या रानात गेले. काकूंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि विचारलं, "कोण पाहिजे, बाबा?" आबा बैल वळवून परत आले. अख्खा गाव त्यांना विसरला होता.

मग काय, माझी चंगळ. आबांनी झोका बांधला, चिंचोके खेळले, मला भोपळ्याची गाडी करून दिली. चौथ्या दिवशी त्यांचा फेटा कानांवर घसरला. सहाव्या दिवशी वहाणा पायांतून निसटायला लागल्या. आठव्या दिवशी आबा माझ्याएवढे झाले. आम्ही पाठीला पाठ लावून उंची मोजली आणि मी खुशाल हसले. सांगितलं ना, गाढव होते.

दहाव्या दिवशी त्यांना दाराची कडी पुरेना. "शेवू, तेवढी काढतेस का गं?" ते म्हणाले. आवाजसुद्धा एवढासा. 

मी परसात धावले. वेल निम्मा सुकला होता.

"तुझे आबा चाळीस घरांत राहत होते, म्हणून एवढे मोठे होते," परी म्हणाली. "एका घरात मावायचं, तर लहान व्हावंच लागणार. उद्या वाटीत मावतील. परवा दिसणार नाहीत."

"मग मी काय करू?"

"दारोदार जा. त्यांनी तिथे काय केलं ते सांग. अगदी खरं."

आणि इथे माझा मत्सर कामाला आला. मी बियांचं मडकं कडेवर घेतलं आणि पळत सुटले. "गजराकाकू, तुमच्या रानात आबा दीड दिवस होते. दुसऱ्या दिवशी मला ताप होता, तरी ते आले. मला फार राग आला होता." बी त्यांच्या ओंजळीत टाकलं. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "आबा आहेत कुठे? दहा दिवसांत दिसले नाहीत."

"इस्माईलचाचा, विहिरीला तीन दिवस. आणि माझा गूळ."

"गूळ खरा," चाचा डोकं खाजवत म्हणाले. "बी दे इकडे."

चाळीस दारं झाली. प्रत्येक दारात माझ्याकडे सांगायला काहीतरी होतंच. ज्या दिवसांचा मी राग राग केला होता, तेच सगळे मला तोंडपाठ होते. ऊन कलताना मी घरी आले तर आबा दारात उभे, फेटा कपाळावर नीट, डोकं चौकटीला टेकलेलं. मागे वेल हिरवागार, शेंगांनी वाकलेला. परी त्याच्या शेंड्यावर उभी राहिली, जांभळी झाली, सोनेरी झाली, आणि लखकन उजेडात विरून गेली. फुलाफुलावर तिचा उजेड मात्र कितीतरी वेळ थरथरत होता.

त्यानंतर आबा छत्तीस वर्षं जगले. ब्याण्णव वर्षांचे होऊन गेले. परवा त्यांचं वर्षश्राद्ध झालं. अख्खा गाव अंगणात जेवायला बसला होता आणि जो तो म्हणत होता, "आमचे आबा, आमचे आबा." मी पंगतीत वाढता वाढता आतून धुमसत होते. पंचेचाळिशीची बाई, पण काय करणार. एक जण म्हणाला, आबा त्याच्याकडे दोन दिवस होते. मी आमटीचं भांडं तसंच हातात धरून म्हटलं, "दोन नाही, अडीच. आणि तिसऱ्या दिवशी माझी शाळेची सहल होती, ती बुडाली."

गजराकाकू पत्रावळीवरून मान वर न करता म्हणाल्या, "अजून जळतेस होय गं?"

"जळते, काकू. थोडीशी."

"जळ बाई," काकू म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सांगायला कुणीतरी पाहिजे. आणि आमटी वाढ."