बकुळेचा सोनेरी पाहुणा

नाल्याच्या आणि पळसबनाच्या पलीकडे, गावापासून चांगली लांब, एक इवलीशी झोपडी होती. तिथे बकुळा आणि तिची आई राहायच्या. दोघी दिवसभर पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या आणि द्रोण लावायच्या. त्यांच्या पत्रावळ्यांवर लोकांच्या लग्नात केशरी जिलेब्या पडायच्या, द्रोणांत मठ्ठा भरायचा. यांच्या घरी मात्र कधी कुणी जेवायला आलं नाही. एवढा नाला ओलांडून, चटणी-भाकरीच्या घरी कोण येणार?

माल पोचवायला गेली की बकुळा मांडवाच्या कडेला उभी राहायची. "घ्या हो, अजून एक! माझ्या हातची एक!" असा आग्रह चालायचा. तिला फार वाटायचं, आपल्याही घरी कुणीतरी यावं, आपणही असंच भरभरून वाढावं.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी ती पानं तोडायला बनात गेली. बनातला डोह आटून त्याचं एवढंसं डबकं झालं होतं, आणि त्यात एक सोनेरी मासा तडफडत होता. "अगं बाई, किती हाल झाले रे तुझे!" म्हणत बकुळेने झटकन द्रोण लावला, त्यात पाणी घेतलं आणि माशाला अलगद उचललं.

तोच डबक्यावर निळा, हिरवा, मोरपिशी उजेड चमचमला. अंगठ्याएवढी एक परी द्रोणाच्या काठावर येऊन बसली. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे पातळ होते.

"बकुळे, माझ्या डोहाचं लेकरू वाचवलंस तू," परी म्हणाली. "तुला दोन इच्छा देते. पण नियम आहेत हं! इच्छा दुसऱ्यासाठी मागायची, स्वतःसाठी नाही. आणि आपल्या हातांनी जे होतं, ते मागायचं नाही."

"मग परीताई, याला काचेचं घर दे. त्याला आम्ही दिसू आणि आम्हाला तो दिसेल."

बकुळा घरी पोचली तेव्हा खिडकीखाली लखलखणारी काचेची पेटी तयार होती. पण अगदी रिकामी! बाकीचं काम हातांचं होतं ना. बकुळेने ओढ्यातली रेती आणली आणि गढूळपणा पार जाईपर्यंत धुतली. गुलाबी, करडे, पांढरे इटुकले गोटे मांडले. हिरवीगार पाणवेल रोवली. मग लांबच्या विहिरीवरून घागर आणून ती ओतणार, तेवढ्यात खिडकीत येऊन बसलेली परी ओरडली, "थांब! ताजं पाणी त्याला बाधतं. ते उद्यापर्यंत शिळं होऊ दे."

"पाहुण्याला शिळं पाणी?" बकुळेला हसूच आलं.

"त्याला तेच गोड लागतं. आणि खाऊ चिमूटभरच बरं का! त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच असतं."

तोवर मासा डोहाच्याच पाण्यात, मडक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी बकुळेने पेटी भरली, माशाला पुन्हा द्रोणात घेतलं आणि तो द्रोण पाण्यावर तरंगत सोडला. जरा वेळाने मासा आपणहून बाहेर आला आणि झुळकन वळला. ऊन त्याच्या खवल्यांवर पडलं, आणि झोपडीच्या मातीच्या भिंतींवर सोन्याचे ठिपके नाचू लागले. बकुळेला आनंद मावेना.

पाहुणा आला! मग काय विचारता? तिने चिमूटभर खाऊ घातला. माशाने तो मटकावला आणि पुन्हा तोंड उघडलं. "घे हो, अजून एक! माझ्या हातची एक!" भाकरीचा चुरा, भाताची शितं, स्वतःच्या ताटातलं सगळं तिने त्याला वाढलं. परीचा चिमूटभर खाऊचा नियम आग्रहात कुठल्या कुठे वाहून गेला.

सकाळी पाणी दुधाळ झालं होतं. तळाशी शितं कुजत होती आणि मासा वर येऊन धापा टाकत होता.

"परीताई, धाव गं!" बकुळा रडू लागली. "माझी दुसरी इच्छा घे, पण हे पाणी निवळ कर!"

परी आली, पण तिने मान हलवली. "हातांनी होतं ते मागायचं नाही, बाळ. घाण काढ. अर्धं पाणी उपस आणि तेवढंच शिळं पाणी घाल. पण लवकर!"

शिळं पाणी फक्त रांजणात होतं, आणि ते दोघींचं प्यायचं पाणी होतं. बाहेर ऊन तापू लागलं होतं. बकुळेने आईकडे पाहिलं.

आईने स्वतःच तांब्या उचलला. "ओत गं. आपण पुन्हा विहिरीवर जाऊ. पाहुणा महत्त्वाचा."

एकेक तांब्या हलक्या हाताने पडत गेला. रांजणाचा तळ दिसला. दोघी डोक्यावर घागरी घेऊन, भर उन्हात, पाय भाजत विहिरीवर जाऊन आल्या. परतल्या तेव्हा मासा पाणवेलीत लपंडाव खेळत होता. बकुळा मटकन खाली बसली आणि पुन्हा रडली, पण आता आनंदाने.

"तुझी एक इच्छा उरलीय," परी हळूच म्हणाली.

"आईसाठी मागू? आई, तुला काय हवं?"

"मला काय कमी आहे? मला तू आहेस की."

बकुळेने माशाकडे बघितलं. एवढ्या सुंदर घरात तो एकटाच फिरत होता. एकटं असणं कसं असतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणाली, "परीताई, याला सोबत दे."

परीच्या डोळ्यांत पाणी चमकलं. "देते. पेटी दोघांपुरतीच आहे, तिसरा मागू नकोस हं!" असं म्हणून ती गर्रकन फिरली. पाण्यात एक शेंदरी, झालरीच्या शेपटीचा मासा उमटला. परीचा उजेड वाढत वाढत केशरी झाला, खिडकीतून बाहेर पडला, पळसबनावरून, नाल्यावरून, थेट गावापर्यंत झळकला आणि विरून गेला. परी पुन्हा दिसली नाही.

पण तो उजेड गावातल्या पोरांनी पाहिला होता. धावत, ठेचकाळत, नाला ओलांडत सगळी पोरं झोपडीच्या दाराशी आली. एक चिमुरडी मान आत घालून, पेटीकडे टकमका बघत म्हणाली, "तुमच्याकडे सोन्याचे मासे आहेत ना? आम्ही आत येऊ?"

 बकुळेने हसत दार सताड उघडलं आणि ती म्हणाली, "या ना, या. बसा!"