रिकामटेकडा पंखा

रस्त्यांना खड्डे नव्हते त्या काळची, म्हणजे फारच जुनी गोष्ट. निगुडकर नावाच्या गृहस्थांच्या मोटरसायकलीत इंजिन गार ठेवणारा एक छोटा पंखा होता. गाडी पळू लागली की समोरचा वारा इंजिनाला पुरे, म्हणून पंखा स्वस्थ बसे. गाडी थांबली आणि इंजिन तापलेलं असलं, की तो फिरू लागे.

साखळीला हे बघवेना. "आपण राबतो तेव्हा हा झोपतो, आणि आपण जरा टेकलो की याची घरघर सुरू!"

"माझी तर रोज झोपमोड होते," इंजिन म्हणालं.

"इंजिनदादा, तुम्ही तापता म्हणूनच फिरतो हो मी," पंखा म्हणाला.

"मी तापतो? जिभेला काही हाड आहे का?" असं म्हणत इंजिन आणखी तापलं.

निगुडकरांचंही मत तेच पडलं. गाडी बंद केल्यावरही पंखा फिरतो, म्हणजे फुकट बॅटरी खातो. त्यांनी त्याची वायर कापून टाकली. सगळ्यांना शांत झोप लागली.

मे महिन्याच्या भर दुपारी रेल्वे फाटकापाशी निगुडकर गाडी सुरूच ठेवून अर्धा तास उभे राहिले.

"पंख्या, फिर रे बाबा, जीव चाललाय माझा!" इंजिन ओरडलं.

"कसा फिरू, दादा? वायरच नाही हो," पंखा रडकुंडीला येऊन म्हणाला.

फाटक उघडण्याआधीच इंजिन जाम झालं.

मिस्त्रीने गाडी खोलली आणि इंजिन भंगारात टाकलं. पंखा हातात घेऊन तो कौतुकाने म्हणाला, "साहेब, याला मात्र ओरखडासुद्धा नाही. अगदी नव्यासारखा जपलाय तुम्ही."