समोरासमोर मुलाखत

हुपरीकर सर विद्यापीठाच्या संशोधन-प्रवास समितीचे अध्यक्ष होते, आणि अर्ज फेटाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

जतच्या केतकी वाघमोडेला पीएच.डी.साठी तंजावरला जाऊन जुने मोडी कागद बघायचे होते. प्रवासाचं अनुदान मिळालं नाही, तर प्रबंध अर्धवटच राहणार होता. तिने फोनवर मुलाखत घेण्याची विनंती केली, ती सरांनी धुडकावली. शेवटी बिचारी एसटीचे धक्के खात पुण्याला आली.

ती बसते न बसते तोच सर म्हणाले, "अहो बाई, त्या कागदांचे फोटो कॉम्प्युटरवर दिसतात की! घरी बसून वाचा. आमच्या खर्चाने देवदर्शन कशाला?"

समितीतले बाकीचे खो खो हसले. केतकीही हसली.

"सर, एक विचारू? माझा फोटो, माझे मार्क, सगळं अर्जात होतं. मग मला इथवर का बोलावलंत?"

सर खुर्चीत ऐसपैस रेलले. "फोटोवरून मी कोणाला पारखत नाही. माणूस समोर बसला, की काय लपवतोय ते बरोबर कळतं."

"कागदाचंही तसंच असतं, सर. कुठे खरवडलंय, कोणती ओळ मागाहून घुसडलीय, ते हातात घेतल्यावरच कळतं."

सरांनी पेन उघडलं आणि मंजुरीची सही करता करता शेजाऱ्याच्या कानात पुटपुटले,

"हिची मुलाखत फोनवरच घ्यायला हवी होती."