गळ्यातले चार बिल्ले

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं तळं होतं आणि तळ्याच्या बांधाखाली एक छोटंसं राज्य. राज्यात राजवाडा होता, बाजार होता, देवळं होती. आणि प्रत्येक माणसाच्या गळ्यात, दोऱ्यात ओवलेले, मातीचे चार भाजके बिल्ले होते.

पहिला बिल्ला पाणी भरण्याचा. दुसरा वेशीबाहेर जाण्याचा. तिसरा आपल्या देवाला हात जोडण्याचा आणि चौथा चार माणसांत बोलण्याचा. प्रत्येकावर ज्याच्या त्याच्या अंगठ्याचा ठसा, म्हणजे एकाचा बिल्ला दुसऱ्याने वापरायची सोय नाही. नवे बिल्ले वर्षातून एकदाच, राजाच्या वाढदिवशी मिळत. मधेच एखादा फुटला, तर पुढच्या वाढदिवसापर्यंत ती गोष्ट बंद. पाण्याचा बिल्ला फुटलेली एक म्हातारी सहा महिने शेजारणीच्या मेहरबानीवर जगली. वेशीचा बिल्ला फुटलेल्या एका सुनेला आई आजारी असताना माहेरी जाता आलं नाही.

तुम्ही म्हणाल, असला वेडगळ कायदा केला तरी कुणी? गंमत म्हणजे तो एका भल्या माणसाने केला. हा राजाचा पणजोबा. एका दुष्काळात धटिंगण लोक पुढे घुसून पाणी नेत आणि दुबळे रिकाम्या घागरी घेऊन परतत. म्हणून त्याने घरोघर पाळीचे बिल्ले वाटले, कुणीही तहानलेलं राहू नये म्हणून. पुढे पाऊस आला, तळं भरलं, बिल्ले मात्र गळ्यातच राहिले. पणजोबाच्या मुलाने त्यात एकाची भर घातली, नातवाने दोनांची. होता होता लोकांना वाटू लागलं, की तहान आपली असली तरी पाणी पिण्याची मुभा राजाची आहे.

हे बिल्ले घडवत असे एक कुंभारीण. हात कसलेला, काम नेटकं. तिचा नवरा तळ्याकाठची माती खणून आणायचा, ती मळायची, भाजायची. नवरा मोठा अबोल माणूस. "तुमचा बोलायचा बिल्ला मला द्या, माझा लवकर झिजतो," असं ती त्याला चिडवायची. तो नुसता हसायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

आणि एके दिवशी सकाळी शेजारीण धापा टाकत आली.

"अगं, तुझ्या धन्याला शिपायांनी धरलं! तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीचा दट्ट्या उपसला म्हणे त्यांनी. पाणी नुसतं धो धो वाहून चाललं होतं. शिपायांनी दट्ट्या पुन्हा ठोकला म्हणून वाचलं."

कुंभारीण तशीच चिखलाच्या हातांनी धावली. राजवाड्याच्या अंगणात नवरा खांबाला बांधलेला होता. त्याच्या गळ्यातल्या दोऱ्यात तीनच बिल्ले होते. दट्ट्या उपसताना चौथा दगडावर आपटून फुटला होता.

"अहो, का केलंत असं?" तिने विचारलं.

त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बिनबिल्ल्याचा माणूस बोलला, तर त्याच्या घरच्यांचेही सगळे बिल्ले फोडायचे, असा नियम होता. तिच्यापायी तो गप्प होता. डोळ्यांनी मात्र तो सारखा तळ्याकडे बघत होता.

"सूर्य मावळला की हा हद्दपार," शिपाई म्हणाला. "कायमचा. तू इथंच राहायचंस. बिल्ले कोण करणार?"

"पण त्यांना विचारा तरी! घोटभर पाणी वाया घालवणारा माणूस नाही हो तो."

"विचारून काय उपयोग? त्याला बोलता येत नाही. आणि दुसऱ्याच्या बाजूने दुसऱ्याने बोलायचं नाही, हे तुला ठाऊक आहे."

तिला सगळं ठाऊक होतं. राज्यातल्या प्रत्येक गळ्यात तिच्याच हातचे बिल्ले होते. एक नवा करावा, हेही तिच्या मनात आलं. पण ओली माती दोन दिवस सावलीत वाळवावी लागते, मग भट्टी लावावी लागते. सूर्य तेवढा थांबणार होता थोडाच? आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपल्या हातांचा राग आला.

त्याच दिवशी राजपुत्राचं बारसं होतं. रीतीप्रमाणे बाळाचे पहिले बिल्ले बाराव्या दिवशी करायचे. ओल्या मातीवर बाळाचा इवलासा अंगठा टेकवायचा आणि ठसा घ्यायचा. दुपारी तिला बोलावणं आलं. ओल्या फडक्यात मातीचा गोळा गुंडाळून ती भरल्या दरबारात गेली. खिडकीतून अंगणातला खांब दिसत होता, म्हणून तिने तिकडे पाठ केली.

पाळणा सिंहासनाशेजारीच होता. तिने मातीच्या चार चकत्या केल्या आणि बाळाचा हात हळूच धरला. हात धरायचा अवकाश, बाळाने असं भोकाड पसरलं की छताची कबुतरं उडाली.

मग काय विचारता! राणी धावली, दाया धावल्या, राजवैद्य धावला. सिंहासन सोडून राजाही धावला.

"भूक लागली का?"

"पोट दुखतंय का?"

"मुंगी चावली का बघा रे!"

एका म्हाताऱ्या दाईने बाळाची मूठ उलगडून पाहिली. मनगटावरचा काळा दोरा घट्ट बसून करकचला होता. तिने तो सैल केला, तसं बाळ एक हुंदका देऊन गप्प झालं. राजाने कपाळावरचा घाम पुसला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

कुंभारीण मात्र तशीच उभी होती. तिने गळ्यातला चौथा बिल्ला मुठीत धरला आणि म्हणाली, "महाराज, मी माझ्या कामाबद्दल एक विचारू?"

"विचार, बाई."

"बाळराजांचा बिल्ला अजून ओला आहे. तरी ते भर दरबारात ओरडले. मग आता त्यांच्या घरच्यांच्या बिल्ल्यांचं काय करायचं? राणीसरकारांचे आणि तुमचे फोडायचे का?"

प्रधानाचा चेहरा पांढराफटक पडला.

राजा कडाडला, "शुद्धीवर आहेस का तू? लेकरू आहे ते! रडायला त्याला कुणाची परवानगी लागते? आणि ते रडलं नाही, तर त्याला काय होतंय हे आम्हाला कळणार कसं?"

"हेच मला कळत नव्हतं, महाराज," कुंभारीण म्हणाली. "माझे धनी सकाळपासून खांबाला बांधलेत. त्यांना काय सांगायचंय, हे कुणाला कळणार कसं? बारा दिवसांचे असताना तेही असेच ओरडले असतील. तेव्हा त्यांच्याही गळ्यात काही नव्हतं."

राजा खिडकीशी गेला आणि खांबाकडे बघू लागला. प्रधान पुटपुटला, "महाराज, नियम..." पण बाळाला छातीशी धरून उभी असलेली राणी म्हणाली, "विचारा त्या माणसाला."

कुंभाराला आणलं. राजा म्हणाला, "बोल."

एरवी अबोल असलेला तो माणूस घाईघाईने बोलू लागला. "महाराज, मला हाकलायचं तर नंतर हाकला, आधी माणसं बांधावर पाठवा! बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरतंय आणि ते गढूळ आहे. निवळ असतं तर मी गप्प बसलो असतो. गढूळ म्हणजे बांधाच्या पोटातली माती वाहून चाललीय. तळ्याचा भार कमी व्हावा म्हणून मी दट्ट्या उपसला. माती हेच माझं काम, महाराज. तिचं मला कळतं."

राजा उठला तो धावतच सुटला. त्याच्यामागे शिपाई, त्यांच्यामागे सगळा गाव. बांधाच्या पायथ्याशी सकाळच्या बोटभर धारेची आता मनगटाएवढी धार झाली होती. मोरी पुन्हा उघडली. बायकापुरुषांनी पाट्या भरभरून माती आणि दगड टाकले. कुंभार गुडघाभर चिखलात उभा राहून सांगत होता, "इथं टाका, आता इथं तुडवा." आणि सगळे, राजासुद्धा, त्याचं ऐकत होते.

सूर्य मावळताना धार थांबली. थेंबसुद्धा येईना.

कुंभारीण मटकन खाली बसली आणि पोटभर रडली. दिवसभराची भीती त्या रडण्यात वाहून गेली. नवरा शेजारी येऊन टेकला. "उद्याची माती राहिली गं आणायची," तो म्हणाला. ती रडता रडता हसू लागली.

राजाने वर बांधाकडे पाहिलं, मग खाली राजवाड्याकडे. बांध फुटला असता, तर सगळ्यात आधी पाळणा वाहून गेला असता. एका माणसाला तोंड उघडू दिलं नाही म्हणून!

तो लोकांसमोर उभा राहिला. "आजपासून आम्ही तुम्हाला बोलण्याची मुभा देत..." इथवर आला आणि अडखळला. त्याची नजर कुंभारणीकडे गेली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "नाही. देणारा मी कोण? पाणी प्या, हवं तिथं जा, ज्याला त्याला आपला देव भजू द्या. ज्याच्यावर आळ येईल, त्याचं आधी ऐकून घेतलं जाईल. यात कुणी कुणाला अडवलं, तर मात्र मला हाक मारा. राजाचं काम तेवढंच."

दुसऱ्या दिवशी बांधावर बिल्ल्यांचा हा एवढा ढीग पडला. ते कुटून त्यांची पूड चुन्यात कालवली आणि त्या चुन्याने बांधाची डागडुजी केली. मुसळाचा पहिला घाव राजाने घातला. राजपुत्राच्या चार ओल्या चकत्या कुंभारणीने पुन्हा गोळ्यात मिसळल्या आणि त्या मातीची एक घागर केली. पाण्याचा बिल्ला फुटलेल्या म्हातारीने ती भरून डोक्यावर घेतली आणि सगळ्यांसमोरून ताठ मानेने घरी नेली.

तो बांध पुढे कित्येक पावसाळे टिकला, असं म्हणतात. तात्पर्य एवढंच: जे हक्क माणूस जन्मतःच घेऊन येतो, ते कुणी कुणाला द्यायचे नसतात, एकमेकांचे जपायचे असतात.