हनुवटीशी थांबलेले पाणी

त्या उन्हाळ्यात वनगीर महाराज बोरनळी गावी मुक्कामाला होते. गावची विहीर खोदणारी मंडळी संध्याकाळी त्यांच्या पायाशी येऊन बसत. महाराजांनी त्यांना एकच नेम घालून दिला होता. नामस्मरण झाले की ज्याने त्याने त्या दिवशीची आपली चूक सर्वांना सांगायची. दुर्गाप्पा आणि त्याची बायको तिमव्वा यांनी हा नेम कधी मोडला नाही.

मुकादम रंगाप्पा मात्र खो खो हसे. "चुकायचं ते चुकायचं, वर अभंगासारखं गाऊन दाखवायचं! दगड हातानं फुटतो रे, तोंडानं नाही!" दगड फोडण्याची आपली कला त्याने कोणाला शिकवली असेल तर शपथ!

एके सकाळी तळाचा झरा फुटला आणि कडेची पुरुषभर उंच शिळा घसरून दुर्गाप्पाच्या पायावर बसली. पाणी कमरेला आले. मुकादम आणि सोबतचे खोदणारे मल्लू व शिवण्णा खाली धावले, पण शिळा पहारींनी हलेना. काठावर तिमव्वाचा जीव टांगणीला लागला. रंगाप्पाने घाईघाईने एकच पाचर ठोकून घण घातला, तशी शिळा फुटायची सोडून आणखी खाली सरकली. दुर्गाप्पा किंचाळला. रंगाप्पाच्या हातातून घण गळून पडला. पाणी छातीशी आले.

"महाराज, यांना वाचवा हो!" तिमव्वाने टाहो फोडला.

काठावर बसलेले महाराज म्हणाले, "पोरी, देव आहेच. पण तू बोल. रोज सगळ्यांचं ऐकलंस ना?"

तिमव्वा वाकून ओरडली, "मल्लूदादा, एका पाचरेवर नको! परवा तुमची चीर वाकडी गेली होती ना? पाचरा ओळीनं लावा! शिवण्णा, तुम्ही दगडाचा आवाज न ऐकता घण घातला होता, आज ऐका!"

हलका घाव, थांबणे, ऐकणे, पुन्हा घाव. किती वेळ लागत होता! पाणी हनुवटीला टेकले. महाराजांनी डोळे मिटले. झरा तसाच उसळत होता, पण पाणी बोटभरही चढेना! अखेर शिळा दुभंगली. दुर्गाप्पाला वर ओढून घेतले आणि मागोमाग पाणी भसाभस चढले.

"माझी हनुवटी कोणी धरली होती?" दुर्गाप्पाने कुडकुडत विचारले. तिमव्वाने महाराजांकडे पाहिले. ते काठावरून हललेही नव्हते, पण त्यांचा उजवा तळवा पाण्यात भिजून सुरकुतला होता!

रंगाप्पाने त्यांच्या पायांवर लोळण घेतली. महाराज म्हणाले, "पाणी थोपवणारा वेगळा, बाबा. शिळा ह्यांनी फोडली." तसा रंगाप्पा मल्लूच्या, मग शिवण्णाच्या चिखलभरल्या पायांवर डोके टेकत तिमव्वापाशी आला. तिने पाय मागे घेतले.

"मुकादम, पाया नंतर पडा," नवऱ्याचा पाय चोळत ती म्हणाली. "घण कुठं चुकला, तेवढं आधी सांगा. उद्या दुसऱ्या कोणाच्या पायावर शिळा नको."

आणि हात जोडून, खाली मान घालून, रंगाप्पा सांगू लागला.