खिंडीवरचे दार

एकदा एका डोंगराळ मुलखात, सोमवारी सकाळी नऊ वाजता, दोन गावांमधल्या खिंडीवर लोखंडी दार बसवण्यात आले. दाराला कुलूप एकच, आणि किल्ली खालच्या गावाच्या पहारेकऱ्याकडे. त्याआधी कित्येक पिढ्या या वाटेवर कोणी कोणाला अडवले नव्हते. वरचे लोक भातकापणीला खाली येत, खालचे लोक मधासाठी आणि हिरड्यासाठी वर जात, सोयरिकीही होत.

ज्याच्या वाणीने हे दार उभे राहिले, तो तरुण एका वृद्ध गुरुजींचा शिष्य होता. सहा महिने तो सभांमधून सांगत फिरला, की पलीकडचे लोक आपली मजुरी पळवतात, आपल्या विहिरी आटवतात. त्याचे एक वाक्य तर इतके गाजले की पंचांनी ते दारावरच्या फलकावर रंगवून घेतले: ‘पलीकडचा तो पलीकडचा, मग तो कोणीही असो.’

कुलूप लागण्यापूर्वी गुरुजी डोक्यावर सुंभाची बाज घेऊन खिंड चढून आले. दाराच्या पलीकडच्या अंगाला त्यांनी ती टाकली, शेजारी शेगडी आणि दोन घोंगड्या ठेवल्या, आणि परतले. लोकांना हसू आवरेना. म्हातारबांनी पहारेकऱ्याच्या दुपारच्या झोपेची सोय केली, पण चुकीच्या बाजूला, असे कोणीतरी म्हणाले. शिष्य शरमला. दुसऱ्याच दिवशी त्याने सगळे उचलून चावडीमागे टाकायला लावले.

पंधरा दिवसांनी गावात विजयसभा भरली. त्याच दुपारी बारा वाजता शिष्याची धाकटी बहीण सगुणा खिंडीपाशी पोहोचली. दोन वर्षांपूर्वी तिला वरच्या गावी दिली होती. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे आठवा लागताच ती सासूला घेऊन निघाली होती. दाराची बातमी वर पोहोचली होती. पण ते परक्यांसाठी आहे, अशी तिने सासूची समजूत घातली होती. भावानेही घरी आईला हेच सांगितले होते. अर्ध्या वाटेतच तिला कळा सुरू झाल्या होत्या.

पहारेकरी तिच्याच आळीतला होता.

“ताई, माझ्यावर असतं तर केव्हाच उघडलं असतं,” तो म्हणाला. “पण फलक वाच. वाक्य तुझ्या दादाचंच आहे.”

तरीही त्याने पंचांकडे परवानगी मागणारी चिठ्ठी लिहिली आणि एक माणूस सभेकडे धाडला. तासाभराने तो रिकाम्या हाताने परतला, तेव्हा त्याच्याच हाती दुसरी चिठ्ठी दिली. उत्तर आले नाही. आश्विनातल्या उन्हात, उघड्या कातळावर सगुणा बाळंत झाली. मुलगी झाली. ती रडलीच नाही.

सभा उलगडल्यावर शिष्याच्या कानी बातमी आली आणि तो धावत वर गेला. गुरुजी आधीच पोहोचले होते. कुलूप त्यांनी दगडाने फोडले होते. आपल्या उपरण्यात त्यांनी ते बाळ गुंडाळून धरले होते. सगुणाने भावाकडे पाहिले.

“दादा, घरात घेतोस, की आधी पंचांना विचारून येतोस?”

शिष्य गुरुजींकडे वळला. बाजेचा अर्थ त्याला आत्ता लागला होता. आपल्याच घरावर हे येणार हे तुम्हाला कसे कळले, असे त्याने गुरुजींना विचारले.

“तुझ्या घरावर येईल हे मला ठाऊक नव्हतं,” गुरुजी म्हणाले. “या गावातल्या चाळीस घरांच्या लेकी वर नांदतात. दार लावलं म्हणून कोणाचे दिवस थांबत नाहीत. त्यातली एक इथे अडणार, एवढंच मला दिसत होतं. तू ‘ते लोक’ म्हणायचास, तेव्हा तुला गर्दी दिसायची. मला या वाटेनं येणारी माणसं दिसायची.”

“मग मला तेव्हाच सांगायचं होतं.”

“सभेत तीनदा हात वर केला. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि पुढचं वाक्य घेतलंस.”

शिष्याला तो हात आठवला. आपण ‘कोणीही असो’ म्हणत होतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर कोणीच नव्हते, हे त्याला कळले. त्याने बहिणीला पाठीवर घेतले, आणि कोणालाही न विचारता दारातून आत नेले.

दुसऱ्या दिवशी दाराला नवे कुलूप आले. मग चौकशी बसली. दोन्ही चिठ्ठ्या मंडपात पोहोचल्या आणि व्यासपीठावर दिल्या गेल्या, हे ज्याने त्या नेल्या त्याने शपथेवर सांगितले. शिष्य तेव्हा उभा राहून भाषण करत होता. त्याच्यामागे सहा जण बसले होते. चिठ्ठ्या त्यांच्यापैकी कोणी उघडल्या, आणि वाचून खिशात कोणी घातल्या, हे त्या सहांपैकी एकानेही आजवर सांगितलेले नाही.